विश्लेषण : वस्तरा, रूळ, जाळी... त्वचारोपणाच्या हत्यारांचा इतिहास जिल्हा रुग्णालयांना काय सांगतो?

भाजलेल्या रुग्णाच्या मांडीवरून कागदासारखी पातळ त्वचा काढून ती जखमेवर बसवणे, ही आज मोठ्या रुग्णालयांतील नेहमीची शस्त्रक्रिया आहे. त्यासाठी वापरला जाणारा हातचाकू १९३० च्या दशकातला असून त्याच्या मूळ रचनेत आजही फारसा फरक पडलेला नाही. तरीही या शस्त्रक्रियेसाठी ग्रामीण भागातील रुग्णाला अनेकदा जिल्हा ओलांडून मोठे शहर गाठावे लागते आणि तोवर जखम उघडी राहते. हा चाकू कसा घडत गेला आणि त्याच्या प्रत्येक सुधारणेमागे कोणती गरज होती, हे पाहिले तर आजची अडचण हत्याराच्या अभावाची कमी आणि प्राधान्यक्रमाची अधिक असल्याचे दिसते.

त्वचारोपण म्हणजे नेमके काय?

त्वचेचे ढोबळमानाने दोन थर असतात. वरची बाह्यत्वचा अतिशय पातळ, साधारण मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी. तिच्याखालची अंतस्त्वचा जाड असते आणि तिच्यात रक्तवाहिन्या, केसांची मुळे व घामाच्या ग्रंथी असतात. भाजल्यामुळे दोन्ही थर पूर्ण जळाले तर मोठी जखम स्वतःहून नीट भरून येत नाही. कडेकडेने त्वचा सरकत राहते, मधली जागा आकसते आणि मान छातीला चिकटणे, बोटे तळव्यात मिटणे असे व्यंग मागे राहते.

यावर उपाय म्हणजे शरीराच्या दुसऱ्या भागावरून बाह्यत्वचा आणि अंतस्त्वचेचा थोडा भाग असा पातळ पापुद्रा काढून जखमेवर बसवणे. त्याची जाडी साधारण ०.२ ते ०.४५ मिलिमीटर असते. जिथून तो काढला तिथे केसांच्या मुळांतील पेशी शिल्लक राहतात आणि त्यांच्यापासून सुमारे दोन आठवड्यांत नवी बाह्यत्वचा तयार होते. बसवलेला पापुद्रा पहिले एक-दोन दिवस जखमेतून पाझरणाऱ्या द्रवावर तग धरतो. नंतर जखमेतील सूक्ष्म रक्तवाहिन्या त्याच्याशी जोडल्या जातात आणि चार-पाच दिवसांत तो रुजतो.

म्हणजे सारा खेळ जाडीचा आहे. पापुद्रा जास्त जाड निघाला तर मांडीवर दुसरी न भरणारी जखम तयार होते. फार पातळ निघाला तर तो फाटतो किंवा पुढे जास्त आकसतो. मिलिमीटरच्या दहाव्या भागाने हुकले तरी परिणाम बदलतो. त्वचारोपणाच्या हत्यारांचा इतिहास हा या एका मापावर ताबा मिळवण्याचा इतिहास आहे.

पुण्यात १७९० च्या दशकात झाले ते त्वचारोपणच होते का?

हा विषय निघाला की सुश्रुताचे नाव प्रथम येते, आणि ते योग्यच आहे. सुश्रुतसंहितेत कापलेल्या नाकाच्या मापाचे पान घेऊन त्या आकाराची गालाची त्वचा नाकावर बसवण्याची कृती सांगितली आहे. १०१ यंत्रे आणि २० शस्त्रे अशी हत्यारांची वर्गवारी त्यात आहे आणि या सर्व यंत्रांत हातालाच प्रधान मानले आहे.

महाराष्ट्राशी थेट जोडलेली घटना मात्र बरीच अलीकडची. इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणाऱ्या कावसजी नावाच्या माणसाला १७९२ च्या म्हैसूर युद्धात टिपूच्या सैनिकांनी पकडले आणि त्याचे नाक व एक हात कापला. वर्षभराने पुण्याजवळ एका माणसाने त्याला नवे नाक करून दिले. ही हकीगत ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये छापून आली. मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या जागी बसवून आकार घ्यायचा, तो सपाट करून कपाळावर ठेवायचा, भोवती रेघ मारायची आणि तेवढी त्वचा सोडवून खाली वळवायची, अशी ती कृती होती. दोन भुवयांच्या मधला त्वचेचा चिंचोळा पट्टा मात्र तसाच ठेवायचा. त्याच्यातून रक्तपुरवठा चालू राही आणि सुमारे २५ व्या दिवशी तो कापला जाई. हे वर्णन वाचून लंडनमध्ये जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ मध्ये अशी शस्त्रक्रिया केली आणि ‘भारतीय पद्धत’ युरोपभर पोहोचली.

परंतु काटेकोरपणे पाहिले तर हे आजच्या अर्थाने त्वचारोपण नव्हते. त्यात त्वचेची मूळ जागेशी नाळ शाबूत ठेवली जाते. त्याला ‘फ्लॅप’ म्हणतात. त्वचा पूर्ण सुटी करून दुसरीकडे रुजवणे म्हणजे ‘ग्राफ्ट’. हा फरक सांगितल्याने पुण्यातील कामाचे मोल कमी होत नाही. भूल देण्याची सोय नसताना, मेणाचा तुकडा आणि धारदार पाते एवढ्यावर झालेले ते काम होते. मात्र ‘त्वचारोपण आपल्याकडे आधीपासूनच होते’ असे म्हणून पुढचा शोध परका ठरवणे इतिहासाला धरून नाही. आणखी एक बाब नोंदवण्याजोगी. त्या हकिगतीत रुग्णाचे नाव आहे, युद्धाचे आहे, शस्त्रक्रिया पाहणाऱ्या इंग्रज डॉक्टरांची नावेही पुढे प्रसिद्ध झाली. शस्त्रक्रिया करणाऱ्याची ओळख मात्र विटा करणाऱ्या जातीतला, म्हणजे बहुधा कुंभार, एवढीच उरली. त्याची विद्या घराण्यात राहिली. तिचे पाठ्यपुस्तक झाले नाही, की शाळाही निघाली नाही.

सुट्या त्वचेचे रोपण कोणी आणि कशाने सिद्ध केले?

इटलीत ज्युसेप्पे बारोनियो यांनी १८०४ मध्ये मेंढ्यांवरील प्रयोगांतून सुटी त्वचा रुजू शकते हे दाखवले होते. माणसावर तुरळक प्रयत्नही झाले. पण ही पद्धत खात्रीने रुजवली ती जाक-लुई रेव्हर्दिन या पॅरिसमधील तरुण डॉक्टरने. वयाच्या २७ व्या वर्षी, डिसेंबर १८६९ मध्ये त्याने तिथल्या शल्यचिकित्सकांच्या संस्थेपुढे आपला अनुभव मांडला. रुग्णाच्याच हातावरून नस्तराच्या टोकाने त्वचेचे बारीक तुकडे काढून त्याने ते उघड्या जखमेवर ठेवले होते. ते रुजले आणि प्रत्येक तुकड्याभोवती नव्या त्वचेचे बेट पसरू लागले. लंडनच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात जॉर्ज पोलॉक यांनी पुढच्याच वर्षी ही पद्धत उचलली.

पुढे या तंत्रासाठी लागणारी हत्यारे घरगुती वाटावीत इतकी साधी होती. सुईच्या टोकाने त्वचा तंबूसारखी वर उचलायची आणि शेंडा पात्याने किंवा कात्रीने छाटायचा. कोणत्याही गावात हे करता आले असते. दोष दोन होते. तुकड्यांच्या मधल्या जागा व्रणाने भरत आणि त्वचा खडबडीत दिसे. शिवाय प्रत्येक तुकडा मधोमध जाड आणि कडेला पातळ निघे, त्यामुळे मांडीवर खड्डे पडत. पूर्ण पाठ भाजलेल्या माणसासाठी अशी किती बेटे लावणार, हा प्रश्न तर होताच.

वस्तरा कुठे कमी पडला?

ल्योंचे लुई ऑलिए यांनी १८७२ च्या सुमारास आणि लाइपझिगचे कार्ल थीर्श यांनी त्यानंतर मोठे, सलग पापुद्रे काढण्यास सुरुवात केली. थीर्श यांच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत पुढे अनेक दशके चालली. तिचे हत्यार होते वस्तरा. मांडीची त्वचा दोन्ही बाजूंनी ताणून धरायची, वस्तरा जवळजवळ आडवा टेकवायचा आणि करवतीसारखा पुढे-मागे हलवत पापुद्रा सोलायचा.

न्हाव्याच्या दुकानात वस्तरा पाहिलेल्या कोणालाही यातील अडचण कळेल. पात्याचा कोन किंचित बदलला की जाडी बदलते. दाब वाढला की पाते खोल शिरते. त्यामुळे निष्णात सर्जनच्या हातून निघणारा पापुद्रा आणि नवशिक्याच्या हातून निघणारा पापुद्रा यांत जमीन-अस्मानाचा फरक असे. काही मोजक्या हातांना साधणारी कला, एवढीच त्वचारोपणाची ओळख राहिली. कला मोजक्या हातांत असली की रुग्णही मोजकेच बरे होतात, हे त्या काळाने दाखवून दिले.

अमेरिकेतील सेंट लुईसच्या व्हिलरे ब्लेअर आणि जेम्स ब्राऊन यांनी १९२९ मध्ये मध्यम जाडीच्या मोठ्या पापुद्र्यांचा आग्रह धरला. थीर्श यांच्या पापुद्र्यांपेक्षा ते जाड असल्याने कमी आकसत आणि अधिक टिकत. पण जाडी वाढवायची म्हणजे चूक होण्याची शक्यताही वाढवायची. ब्लेअर यांनी लांब, सरळ पात्याचा खास चाकू आणि त्वचा ओढून धरण्यासाठी हवा शोषणारी पेटी वापरली. गाडी तरीही हाताच्या कौशल्यावरच येऊन अडत होती.

चाकूपुढे रूळ बसवल्याने काय बदलले?

ब्रिटनमध्ये ग्रॅहम हम्बी यांनी १९३० च्या दशकात या चाकूच्या पात्यापुढे एक बारीक रूळ बसवला. रूळ आणि पात्याची धार यांच्यात फट असते. दोन्ही टोकांच्या स्क्रूने ती कमी-जास्त करता येते. चाकू त्वचेवरून सरकताना रूळ त्वचा दाबून पुढे जातो आणि फटीतून जेवढी येईल तेवढीच त्वचा कापली जाते. भाज्यांच्या किसणीत पाते किती वर येते त्यावर काप किती जाड पडणार हे ठरते, तसेच हे.

कल्पना इतकी साधी की तिचे महत्त्व पटकन ध्यानात येत नाही. आतापर्यंत सर्जनच्या मनगटात असलेले माप प्रथमच हत्यारावर आले. हाताचे कसब संपले नाही. कोन, वेग आणि ताण अजूनही सांभाळावा लागतो, आणि चाकू टेकवण्याआधी तो उजेडात धरून फट डोळ्यांनी तपासण्याची सवय आजही शिकवली जाते. पण चुकीची मर्यादा आखली गेली. पुढे इतरांनी त्यात बदल केले, त्यांपैकी वॉटसन यांच्या सुधारणेचा चाकू भारतातील शस्त्रक्रियागृहांत सर्वपरिचित आहे. जुन्या पात्यांना वारंवार धार लावावी लागे, नव्या चाकूंत एकदा वापरून टाकण्याची पाती आली. लहान जखमांसाठीच्या सिल्व्हर चाकूत तर दाढीचे साधे पाते बसते.

या चाकूला वीज लागत नाही, मोटार लागत नाही. तो वाफेच्या दाबाखाली निर्जंतुक करता येतो. त्याच्याबरोबर लागते ते त्वचा ताणून धरायला दोन फळ्या, थोडे लिक्विड पॅराफिन आणि एक जाणता सहायक.

अभियंता शस्त्रक्रियागृहात कशासाठी आला?

हम्बीचा चाकू मांडीवर उत्तम चालतो, पण पोट, छाती, बरगड्या अशा उंचसखल जागी अडखळतो. दोन्ही मांड्या भाजलेल्या रुग्णाची त्वचा घ्यायची कुठून? कॅन्सस सिटीचे सर्जन अर्ल पॅजेट यांनी यासाठी जॉर्ज हूड या यांत्रिक अभियंत्याची मदत घेतली. दोघांच्या प्रयत्नांतून तयार झालेले यंत्र १९३९ मध्ये वैद्यकीय जगापुढे आले. अर्ध्या पिंपासारख्या धातूच्या पृष्ठभागाला खास गोंद लावायचा, तो त्वचेवर टेकवून त्वचा वर उचलायची आणि ठरावीक अंतरावर फिरणाऱ्या पात्याने कापायची. जाडी इंचाच्या हजाराव्या भागात ठरवता येई. चाकू त्वचेवर नेण्याऐवजी त्वचाच यंत्राला चिकटवण्याची ही युक्ती होती. पाठोपाठ आलेल्या दुसऱ्या महायुद्धात भाजलेल्या सैनिकांच्या उपचारांत या यंत्राचा मोठा उपयोग झाला.

विजेवर चालणाऱ्या डर्मॅटोमची कल्पना त्याच युद्धातली. अमेरिकी लष्करी डॉक्टर हॅरी ब्राऊन फिलिपिन्समध्ये जपान्यांचे युद्धकैदी होते. कैदेत सुचलेली ही रचना त्यांनी सुटकेनंतर प्रत्यक्षात आणली आणि १९४८ मध्ये प्रसिद्ध केली. केस कापण्याच्या यंत्राप्रमाणे पाते वेगाने डावी-उजवीकडे हलते आणि सर्जनने यंत्र फक्त सरळ पुढे न्यायचे. लांब, एकसारखे पट्टे काही क्षणांत निघू लागले. मोठ्या भाजण्यांत वेळ म्हणजे रक्त, आणि हे यंत्र वेळ वाचवते. आजची विजेवर वा दाबाच्या हवेवर चालणारी यंत्रे याच वंशातली आहेत.

थोड्या त्वचेने मोठी जखम कशी झाकली जाऊ लागली?

पापुद्रा एकसारखा निघू लागला तरी शरीराची निम्मी त्वचा जळाली असेल तर उरलेली पुरायची कशी, हा प्रश्न शिल्लक होता. ओटो लान्झ यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्वचेला चिरा देऊन ती ताणण्याची कल्पना मांडली होती. १९६४ मध्ये टॅनर, वांडेपुट आणि ऑली यांनी त्यासाठी यंत्र दिले. कापडाला इस्त्री करणाऱ्या रुळासारख्या यंत्रातून पापुद्रा गेला की त्याला नियमित चिरा पडतात आणि तो जाळीसारखा पसरतो. दीडपट, तिप्पट किंवा त्याहून अधिक. जाळीच्या छिद्रांतून रक्त व पाणी बाहेर पडते, त्यामुळे पापुद्रा उचलला जाऊन मरण्याचा धोकाही कमी होतो. छिद्रे कडेच्या त्वचेने हळूहळू भरतात.

त्याआधी, १९५८ मध्ये अमेरिकेतील सिसरो पार्कर मीक यांनी त्वचेचे टपाल तिकिटासारखे चौकोन पाडणारे यंत्र केले होते. जाळीचे यंत्र सोपे असल्याने मीक यांची पद्धत मागे पडली. १९९० च्या दशकात नेदरलँड्समध्ये ती सुधारून पुन्हा वापरात आली. बुचाच्या ४२ मिलिमीटर चौरस तुकड्यावर त्वचा ठेवून १३ पात्यांतून ती आडवी-उभी नेली की तीन मिलिमीटरचे १९६ चौकोन पडतात. घड्या घातलेल्या कापडावर ते चिकटवून कापड ओढले की चौकोन एकमेकांपासून सारख्या अंतरावर पसरतात. रेव्हर्दिनची बेटेच शंभर वर्षांनी मोजून-मापून परतली. जुने तंत्र मागे पडले म्हणजे ते निरुपयोगी ठरले असे नाही, हे यावरून दिसते.

केवळ चांगल्या हत्याराने रुग्ण वाचतो का?

नाही, आणि यासाठी दोन उदाहरणे पुरेशी आहेत. पहिले ग्लासगोचे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात भाजलेल्या एका स्त्रीच्या जखमेवर तिच्या भावाच्या त्वचेचे छोटे तुकडे लावण्यात आले. ते काही दिवसांत नाकारले गेले. दुसऱ्यांदा लावलेले तुकडे त्याहून लवकर गेले. सर्जन थॉमस गिब्सन आणि शास्त्रज्ञ पीटर मेडावर यांनी १९४३ मध्ये याचा अर्थ मांडला. दुसऱ्याची त्वचा शरीर परकी म्हणून ओळखते आणि ती ओळख लक्षात ठेवते. अवयव प्रत्यारोपणाच्या आधुनिक विज्ञानाचा पाया या निरीक्षणात आहे. मेडावर यांना १९६० मध्ये नोबेल मिळाले. म्हणजे सर्वोत्तम यंत्राने काढलेली दुसऱ्याची त्वचाही कायमची टिकत नाही.

दुसरे उदाहरण मारिबोरचे. तत्कालीन युगोस्लाव्हियातील या लहान शहरात झोरा यान्झेकोविच या महिला सर्जन काम करत. भाजलेली मृत त्वचा आपोआप गळून पडेपर्यंत आठवडेन् आठवडे थांबायचे, ही तोवरची रीत. तेवढ्या काळात जंतुसंसर्गाने रुग्ण दगावत. यान्झेकोविच यांनी हातचाकूनेच मृत थर पातळ-पातळ सोलत रक्ताचे बारीक ठिपके दिसेपर्यंत जायचे आणि त्याच बैठकीत त्वचारोपण करायचे, अशी पद्धत रूढ केली. हे काम भाजल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांतच होई. १९७० मध्ये त्यांचा लेख प्रसिद्ध झाला आणि जगभरच्या जळीत उपचारांची दिशा बदलली. हत्यार जुनेच होते, ते कधी आणि कशासाठी वापरायचे एवढेच नवे होते. हा बदल श्रीमंत देशाच्या राजधानीत झाला नाही, छोट्या शहरातल्या रुग्णालयात झाला, हे भारताने विशेष लक्षात घ्यायला हवे.

भारतात आणि महाराष्ट्रात चित्र काय आहे?

जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार भारतात दरवर्षी १० लाखांहून अधिक लोक मध्यम किंवा गंभीर स्वरूपात भाजतात. उघडी चूल, असुरक्षित स्टोव्ह, अंगावरचे सैल कपडे ही कारणे ओळखीची आहेत आणि त्यांची झळ स्त्रियांना व मुलांना अधिक बसते. म्हणजे रुग्ण खेड्यात आणि वस्तीत आहे.

ज्ञानाच्या बाबतीत महाराष्ट्र मागे नाही. देशातील पहिला स्वतंत्र प्लास्टिक सर्जरी विभाग डॉ. सी. बालकृष्णन यांनी १९५८ मध्ये नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात सुरू केला. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात २००० साली त्वचापेढी सुरू झाली. ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरमध्येही त्वचापेढी आहे. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत त्वचादान करता येते. रक्तगट जुळण्याची गरज नसते. डर्मॅटोमने मांड्या, पाय, पाठ यांवरून पातळ थरच काढला जातो, त्यामुळे देह विद्रूप होत नाही. ही त्वचा ग्लिसरॉलमध्ये टिकवून ठेवतात. ती कायमची रुजत नसली तरी दोन-तीन आठवडे जखम झाकते आणि तेवढ्यात रुग्णाची स्वतःची त्वचा पुन्हा काढण्याजोगी होते.

पण ही सारी साखळी मोठ्या शहरांत एकवटली आहे. भाजलेल्या व्यक्तीला जिल्हा रुग्णालयात सलाइन, प्रतिजैविके आणि मलमपट्टी मिळते. त्वचारोपणाची वेळ आली की ‘पुढे न्या’ असे सांगितले जाते. पुढे नेणे म्हणजे गाडीभाडे, सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी आणि अनोळखी शहरात आठवडेच्या आठवडे मुक्काम. ज्यांना ते जमत नाही त्यांच्या जखमा आकसत भरतात. हात वाचतो, पण त्या हाताने भाकरी थापता येत नाही.

मग करायला काय हवे?

शरीराचा मोठा भाग भाजलेला रुग्ण सुसज्ज जळीत केंद्रातच गेला पाहिजे, याबद्दल दुमत नाही. त्याला रक्त, अतिदक्षता, त्वचापेढी, जाळीयंत्र हे सारे लागते. प्रश्न आहे तो तळहाताएवढ्या, दोन तळहातांएवढ्या खोल जखमांचा, अपघातात त्वचा सोलवटून निघालेल्या पायाचा, मधुमेहातील स्वच्छ झालेल्या पण न भरणाऱ्या जखमेचा. यासाठी रूळ बसवलेला हातचाकू, बदलती पाती आणि तो वापरता येणारा सामान्य सर्जन एवढे पुरते. भूल आणि रक्ताची सोय जिल्हा रुग्णालयात असायलाच हवी, कारण ती प्रसूतीसाठीही लागते.

यावर एक आक्षेप रास्त आहे. अर्धवट शिकलेल्या हातात हा चाकू दिला तर तो खोल जाईल आणि रुग्णाला एकाऐवजी दोन जखमा होतील. म्हणूनच चाकूची खरेदी हे धोरण होऊ शकत नाही. शल्यचिकित्सेच्या पदव्युत्तर प्रशिक्षणात प्रत्येक डॉक्टरने देखरेखीखाली पुरेशी त्वचारोपणे स्वतः केलेली असणे बंधनकारक हवे. वैद्यकीय महाविद्यालयांतील प्लास्टिक सर्जरी विभागांनी आसपासच्या जिल्हा रुग्णालयांची जबाबदारी घेऊन ठरावीक दिवशी तिथे जाऊन शस्त्रक्रिया करायला आणि शिकवायला हव्यात. पाचव्या दिवशी पट्टी सोडणारी परिचारिका आणि नंतर सांधे हलवून घेणारा फिजिओथेरपिस्ट नसेल तर उत्तम रुजलेली त्वचाही आखडते. ही पदेही जळीत उपचारांचाच भाग मानली पाहिजेत.

दुसरीकडे, विजेचे यंत्र आणून फोटो काढणे हाही उपाय नव्हे. त्या यंत्राला ठरावीक पाती लागतात, देखभाल लागते. खरेदीच्या वेळी पुढच्या पाच वर्षांच्या पात्यांचा आणि दुरुस्तीचा खर्च धरला नाही, तर यंत्र कपाटात आणि रुग्ण गाडीत अशीच स्थिती होणार. मोठ्या केंद्रांना अशी यंत्रे जरूर द्यावीत, कारण तिथे त्यांची रोज गरज पडते. महिन्यातून चार शस्त्रक्रिया करणाऱ्या रुग्णालयाला मात्र बिघडायला काही नसलेले हत्यार अधिक उपयोगी पडते.

सुश्रुताचे नाव घेऊन प्लास्टिक सर्जरीचे जनकत्व सांगणे सोपे आहे. त्याच परंपरेतला पुण्याचा कारागीर मात्र निनावी राहिला आणि त्याच्यानंतर त्याच्याइतके काम करणारे किती उरले, याचा हिशेब कोणी ठेवला नाही. रेव्हर्दिन, हम्बी, पॅजेट, टॅनर यांनी आपापली युक्ती लिहून छापली, यंत्रात उतरवली आणि दुसऱ्याच्या हाती दिली. एका हाताचे कसब हजार हातांपर्यंत पोहोचण्याचा मार्ग तो होता. आता पुढचे पाऊल संशोधकांचे नाही, आरोग्य खात्याचे आहे. नव्वद वर्षांपूर्वीचा चाकू आणि तो चालवणारा हात जिल्ह्याच्या ठिकाणी पोहोचवणे, एवढे तरी त्या खात्याने मनावर घ्यावे.